तानपुरा पुसून टाकलेलं रेकॉर्डिंग मला नको

आमच्या इंदूरच्या मित्रमंडळींत सध्या डॅकवरून, म्हणजे डिजिटल फाइलचा ऐकू येणाऱ्या आवाजाचा सिग्नल करणाऱ्या डब्यावरून, जोरात वाद चाललाय. कुणी नवा डॅक घेतला, कुणी इंटरनेटवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर, कुणी नुसती यूएसबी केबल बदलली आणि प्रत्येकाला आवाज एकदम मोकळा झाल्यासारखा वाटतोय. मला यावर स्पष्ट बोलायचंय, म्हणून जरा लांब लिहितोय.

1982 साली सीडी आली ती 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ घेऊन, म्हणजे सेकंदाला 44,100 वेळा आवाजाचं माप, प्रत्येक माप 16 बिटांचं. त्यामुळे साधारण 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज तिच्यात मावतो. माणसाच्या कानाची हद्द तरुणपणी 20, आणि वय वाढेल तशी ती बरीच खाली येते. म्हणून सीडीच्या दर्जाची फ्लॅक फाइल (काहीही न गाळता लहान केलेली) नीट वाजत असेल, तर 24 बिट 192 किलोहर्ट्झच्या फाइलसाठी जास्तीचे पैसे मोजू नका, असंच मी सगळ्यांना सांगतो. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीची गोष्ट वेगळी. तिथे तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ कान देऊन ऐका. आघाताच्या किंचित आधीच आवाज फिसकटतो, धार बोथट होते. 320 केबीपीएसच्या एमपीथ्रीत ते मला सापडत नाही.

खरा फरक पडतो तो जुनं रेकॉर्डिंग डिजिटल करताना कुणी काय केलं, यात. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ आपल्या गावचे, म्हणून त्यांचंच उदाहरण घेतो. त्यांच्या मारवा रागाची माझ्याकडे एक प्रत आहे, तिच्यात खरखर जवळजवळ नाहीच. पण पहिल्या आलापातच कळतं, की खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही, म्हणजे तारेची ती झणकारही, गेलीय. जवारीतून उठणारे वरचे स्वयंभू स्वर आणि टेपची हिस, म्हणजे मागची सततची ‘स्स’, एकमेकांत मिसळलेली असतात. सतत चालणारा बारीक आवाज म्हणजे कचरा, असं खरखर काढणारं सॉफ्टवेअर धरून चालतं. आणि तानपुरा तर सततच चालतो! मारव्यात गवई षड्जावर आधीच फार रेंगाळत नाही. कोमल रिषभावर थांबला की ऐकणाऱ्याचा जीव षड्जाकडे ओढ घेतो. तो षड्ज धरून बसलेला तानपुराच पुसला, तर ती ओढ कुठून येणार? दुसऱ्या एका प्रतीत आवाज असा वर उचललाय, की खर्जातला हलका आलाप आणि तारसप्तकातली तान सारख्याच जोरात. खाँसाहेबांची ती अतिविलंबित झुमरा तालातली बढत हळूहळू चढते, तो चढच सपाट झालाय. अशी फाइल कितीही बिटांची द्या, गेलेलं परत येत नाही. मी हिसवाली प्रत ऐकतो आणि पाहुण्यांनाही तीच ऐकवतो.

आता आवडीबद्दल. मला थोडा ऊबदार आवाज आवडतो, बारीक, टोकदार आवाज जरासा दबलेला. आमच्यातल्या एका दादांना झगझगीत, प्रत्येक घुंगरू वेगळं दाखवणारा आवाज लागतो. दोन्ही ठीक आहे. अहो, घरात बसून ऐकायचंय, परीक्षा द्यायची नाही. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा ट्यूब अँप्लिफायर आवाजात स्वतःची थोडी भर घालतो आणि ती भर कानाला गोड लागते, तर खुशाल ऐका. माझा आक्षेप एवढाच, की “मला आवडतो” याच्या जागी “हाच खरा आवाज” म्हटलं जातं आणि नवा पोरगा कर्ज काढून तेच घ्यायला धावतो.

दोन डॅकची तुलना करायचीच असेल, तर आधी आवाजाची पातळी जुळवा. सर्वसाधारण आउटपुट 2 व्होल्टचं असतं, काहींचं त्याहून जास्त. अर्धा-एक डेसिबल जास्त वाजणारा डॅक मोठा वाटत नाही, ‘जिवंत’ वाटतो. फसगत होते ती इथेच. 1 किलोहर्ट्झचा टोन लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा, दोन्हींचे आकडे सारखे करा, मग दुसऱ्या कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा. मल्टिमीटर महाराणी रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो.

आणि खोली! कोटा फरशी, उघड्या भिंती, समोर काचेचं कपाट, आणि दोष डॅकला. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो, डग्गा फुगतो. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा, खाली जाड सतरंजी टाका. सतरंजीने डग्गा आवरणार नाही, त्याला स्पीकरची जागाच बदलावी लागते. पण फरशीवरून येणारी टणटण नक्की कमी होते.

इंदूर, देवास, उज्जैनकडच्या कितीतरी मराठी घरांत माळ्यावर खाजगी मैफलींचे स्पूल (टेपची मोठी रिळं) आणि कॅसेट पडून आहेत. ते डिजिटल करणार असाल, तर आधी टेपची गती तपासा. गती चुकली की अख्ख्या मैफलीची पट्टी काळी दोनवरून काळी तीनकडे सरकते. 24 बिटमध्ये घ्या, तिथे लेव्हल थोडी खाली ठेवून मोठ्या आवाजाला मोकळी जागा ठेवता येते. सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर काढणं, बंद ठेवा. साफसफाई करायचीच असेल तर दुसऱ्या प्रतीवर करा, पहिलीला हात लावू नका. कुणाकडे मशीन नसेल तर कमेंटमध्ये लिहा, माझं स्पूल मशीन चालू आहे.