शेडनेटमधनं काढून थेट रानात? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

फेब्रुवारी लागला की तो मेसेज फिरायला लागतो, आमच्या ग्रुपवर दोन दिवसात चौघांनी टाकला. मेसेज असा की हार्डनिंग, म्हणजे लागणीआधी रोपाला हळूहळू ऊन-वाऱ्याची सवय लावणं, हे थंड देशातलं खूळ, आपल्याकडं ऊनच ऊन आहे, नर्सरीतनं रोप आणा आणि त्याच दिवशी लावा, ट्रेमधे ठेवलं की मुळं गुंडाळतात, अगदीच करायचं तर चार दिवस पाणी तोडा आणि लागणीआधी युरिया पाजा म्हणजे रोप तगडं होतं. खाली 'शेतकरी हितार्थ'.

पहिलं थंडीचं. तिकडं गारठ्याची सवय लावायला रोपं बाहेर काढतात हे खरंय, पण आपल्याकडं रोप मारतं ते ऊन आणि वारं. ५० टक्के शेडनेटखालचं रोप म्हणजे अर्ध्या उन्हावर वाढलेलं, पानावरचा मेणाचा थर पातळ, दांडा लांबुळका. त्याला एकदम उघड्यावर उभं केलं की पानातनं पाणी उडत राहतं आणि मुळं तर अजून ट्रेमधल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) गड्ड्यातच, मातीत शिरलेलीच नाहीत, मग पाणी ओढणार कोण? म्हणून ड्रिप चालू असताना पण रोप मान टाकतं आणि आपण नर्सरीवाल्याला शिव्या घालतो.

मी स्वतः हे करून बसलोय. आम्ही जुन्नर भागातले, उन्हाळी टोमॅटो, २० गुंठ्यात २९०० रोपं, घरात लग्नाची गडबड म्हणून आणली त्याच दिवशी लावून मोकळे झालो. तिसऱ्या दिवशी पानांवर पांढरे चट्टे, कागदासारखे, बोटात धरलं की चुरा. आणि मल्चिंगच्या (बेडवर अंथरलेल्या प्लास्टिक पेपरच्या) भोकापाशी दांडा तांबूस होऊन आवळलेला, कारण पेपरखालची गरम हवा त्या भोकातनंच वर येते आणि कोवळा दांडा भाजतो. अडीचशेच्या वर नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, नव्या रोपांनी भराव्या लागल्या. भरल्या कशानं, तर उरलेले तीन ट्रे आईनं गोठ्याकडेच्या लिंबाखाली ठेवले होते, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, रोज थोडं थोडं उन्हात सरकवत. त्यातलं क्वचित एखादं गेलं. फक्त ती झाडं आठवडाभर मागं राहिली त्यामुळं तोडा पुढंमागं झाला.

पाणी तोडायचा सल्ला तर सगळ्यात वाईट. ट्रेच्या कप्प्यात मूठभर पण कोकोपीट नसतं, मार्चच्या वाऱ्यात ते एका दुपारीत वाळतं, चार दिवस कुठले काढताय! पाणी कमी करायचं, बंद नाही. पान जरा मऊ पडलं की द्यायचं, आणि शेडनेट ७-८ दिवसात हळूहळू काढायचं.

मुळं गुंडाळतात हे मात्र खरं, पण कधी, तर रोप जुनं झाल्यावर. टोमॅटो २५-३० दिवसात लागणीला येतो, मिरची ३५-४५. हार्डनिंगचा आठवडा याच दिवसांत धरायचा, म्हणजे नर्सरीवाल्याला आधीच सांगायचं नाहीतर रोपं आठवडाभर अगोदर उचलायची.

युरियाबद्दल काय बोलायचं, नत्रानं रोप हिरवंगार आणि लुसलुशीत होतं, आपल्याला नेमकं उलटं पाहिजे.

खरं तर हार्डनिंगच्या विरोधात एकच दमदार मुद्दा होता आणि तो मेसेजमधे नाहीच. रोपं उघड्यावर ठेवली आणि शेजारी जुना टोमॅटो असला की पांढरी माशी बसते आणि पर्णगुच्छाचा (पानं आखडून गोळा होतात तो रोग) व्हायरस लागणीआधीच रोपात शिरतो. म्हणून ट्रेवर बारीक जाळीचं इन्सेक्ट नेट पाहिजेच, आई तेव्हा जुनी मच्छरदाणी टाकायची, आम्ही हसायचो.

लागण चारच्या पुढं, बेड आधी भिजवून, आणि आंबवणी, म्हणजे लागणीनंतर थोड्याच दिवसांत द्यायचं हलकं पाणी, चुकवायची नाही. यंदाचे ३३ ट्रे त्याच लिंबाखाली आहेत, आज चौथा दिवस. ज्यांनी मेसेज टाकला त्यांनी दुपारी दोनला येऊन बघा, सकाळी सगळीच रोपं ताठ दिसतात.