निळा टोमॅटो

भाजीवाल्यांच्या वजनकाट्यावर भाजीचं चित्र दाखवणारा आमचा एक छोटा स्क्रीन असतो. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारा प्रोग्रॅम, मी लिनक्सच्या ४.९ आवृत्तीवरून ६.६ वर आणला. कालच्या मीटिंगमध्ये त्याची नोंद झाली ती अशी: 'रंग दुरुस्त केले.' बस्स.

४.९ चा सपोर्ट २०२३ च्या जानेवारीतच संपला, तेव्हा बदलणं भाग होतं. पण कर्नल (लिनक्सचा गाभा) लिहिणाऱ्यांची तऱ्हा अशी की बाहेरच्या प्रोग्रॅमला धक्का लावायचा नाही आणि आतल्या ड्रायव्हरचे मात्र हाल कुत्रा खाणार नाही. एसपीआय (चिपशी बोलायच्या तारा) ड्रायव्हरचं, तो काढताना चालणारं रिमूव्ह फंक्शन वर्षानुवर्षं इमानेइतबारे शून्य परत करत होतं, ५.१८ पासून त्याने काहीच परत करायचं नाही. एफबीडेव्ह या कर्नलमधल्या जुन्या डिस्प्ले विभागात तर नवा ड्रायव्हर घेतच नाहीत. जा डीआरएमच्या, म्हणजे नव्या विभागाच्या, दारात.

तिथल्या तयार ड्रायव्हरने लाल-निळ्याचा क्रम परस्पर ठरवून टाकलेला. आमचं पॅनेल नेमकं उलटं. आणि हे चालू असताना सेल्सचे साहेब मागे येऊन उभे.

"साहेब, टोमॅटो निळा दिसतोय."

त्यांनी वांग्यावर बोट ठेवलं. "हे तर बरोबर आहे की."

"वांग्यात लाल-निळा दोन्ही असतात. अदलाबदल झाली तरी कळत नाही."

"आणि मिरची?"

"हिरव्याला कुणी हात लावलेला नाही."

"म्हणजे तीनात दोन बरोबर! डेमोला वांगं-मिरचीच ठेवू."

"आणि गिऱ्हाइकाने टोमॅटो घेतला तर?"

"अहो, टोमॅटो त्याच्या हातात असतो. चित्र कशाला बघेल?" मग जरा थांबून, "गाजर कसं येतं?"

"आकाशी."

"छान रंग आहे. ऑप्शन म्हणून राहू द्या." (याच गृहस्थांनी दिवाळीत ऑफिसच्या भिंतींचा पिस्ता रंग पुन्हा काढायला लावला होता.)

चिपच्या एका रजिस्टरमधला (सेटिंगच्या खणातला) एक बिट बदलला आणि टोमॅटो लाल झाला. त्याआधी मात्र स्क्रीन नुसताच पांढराफटक होता. कर्नलचा जुना कॉल (फंक्शन) चिपच्या रीसेटच्या पिनवर सरळ शून्य-एक टाकायचा. नवा कॉल डिव्हाइस ट्रीला, म्हणजे बोर्डावर काय कसं जोडलंय त्या यादीला, विचारून ठरवतो. तिथे 'अ‍ॅक्टिव्ह लो' (पिनवर शून्य म्हणजे रीसेट चालू) लिहिलेलं नव्हतं, म्हणून चिप रीसेटमध्येच पडून राहिली. पिनवरचे सिग्नल दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला डोळे लावून मी बसलो होतो, तेव्हा हे साहेब कुठे होते? पांढऱ्या स्क्रीनवर बोट ठेवायला काही नव्हतं ना.

मीटिंग संपताना त्यांनीच विचारलं, "६.१२ पण आलंय म्हणे. जाता जाता टाकून घ्याल का?"