‘आकडे जुळत नाहीत’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सादर नमस्कार.

आमच्या कामाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय आम्ही लक्षपूर्वक वाचला. आपल्या आंबा-कोकमाच्या ऑनलाइन दुकानात आम्ही गूगल ॲनालिटिक्स (साइटवर किती जण येतात, कुठून येतात आणि काय करतात हे मोजणारी गूगलची सेवा) नव्याने बसवल्यानंतर तिथे दिसणारी विक्री ऑर्डरवहीपेक्षा कमी भरते, साइटवरची वर्दळ पूर्वीच्या निम्म्यावर आली आणि भेट देणाऱ्यांचे मोबाइल क्रमांक रिपोर्टमध्ये देण्यास आम्ही नकार दिला, असे तीन आक्षेप आपण घेतले आहेत. आपल्या विक्रीचे आकडे येथे उघड करणे उचित होणार नाही. कारणे मात्र सांगता येतात.

पहिला आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. दोन्ही आकडे जुळत नाहीत, आणि सध्याच्या पद्धतीने ते तंतोतंत जुळणारही नाहीत. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये ऑर्डर मिळाल्याचे आभाराचे पान उघडते, तेव्हाच ॲनालिटिक्सला खरेदी कळते. मोबाइलवरून यूपीआयने पैसे भरणारा ग्राहक ब्राउझर सोडून पेमेंट ॲपमध्ये जातो, तिथे पैसे गेल्याची खूण दिसली की काम झाले असे समजून फोन खिशात टाकतो, आणि आभाराचे पान उघडायचेच राहून जाते. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी मधली सेवा) मात्र पैसे जमा झाल्याचे आपल्या सर्व्हरला, म्हणजे दुकान ज्यावर चालते त्या संगणकाला, परस्पर कळवतो, त्यामुळे ऑर्डर वहीत चढते, पेटीही रवाना होते. ॲनालिटिक्सला त्याचा पत्ता नसतो. जाहिराती अडवणारा ॲड ब्लॉकर लावलेले किंवा ब्रेव्हसारखा ब्राउझर वापरणारे ग्राहक वेगळेच, कारण तिथे ट्रॅकिंगची स्क्रिप्ट, म्हणजे मोजणी करणारा कोड, मुळात चालूच दिली जात नाही. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर घेतलेल्या ज्या ऑर्डरी आपली माणसे ॲडमिन पॅनेलमधून भरतात, त्यांचा तर या मोजणीशी संबंधच येत नाही. म्हणूनच हिशेब, जीएसटी आणि मालाचा साठा यांसाठी ऑर्डरवहीच प्रमाण मानावी, असे काम सोपवतानाच्या टिपणात आम्ही लिहिले होते. कोणती जाहिरात ग्राहक आणते आणि पत्ता भरण्याच्या पानावरून किती जण माघारी फिरतात, हे ॲनालिटिक्सला विचारावे.

वर्दळ निम्मी दिसण्याचे कारण साधे आहे. आपले दुकान सिंगल पेज ॲप्लिकेशन आहे. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना ब्राउझर नवे पान लोड करत नाही, फक्त पानाचा वेबपत्ता आणि मजकूर बदलतो. असा पत्ता बदलला की पान पाहिल्याची नोंद आपोआप होण्याची सोय ॲनालिटिक्समध्ये आहे. पूर्वीच्या डेव्हलपरने ती चालू ठेवून तीच नोंद स्वतःच्या कोडमधूनही पाठवली होती, त्यामुळे प्रत्येक पान दोनदा मोजले जात होते. आम्ही त्यातली एक नोंद काढली. वापरकर्त्यांची संख्या आधी आणि नंतर सारखीच आहे, हे त्याच रिपोर्टमध्ये आपणास पाहता येईल. त्याच वेळी गेटवेचे डोमेन (वेबपत्ता) ॲनालिटिक्समधल्या वगळायच्या यादीत घातले, एरवी पैसे भरून परतलेला ग्राहक गेटवेकडून आलेला ठरतो आणि आपण पैसे मोजलेल्या जाहिरातीचे श्रेय बुडते.

मोबाइल क्रमांकांबाबत आमची भूमिका बदलणार नाही. ज्यावरून व्यक्ती ओळखता येईल अशी कोणतीही माहिती, अगदी पानाच्या पत्त्यात राहून गेलेला ईमेलसुद्धा, ॲनालिटिक्सकडे पाठवण्यास गूगलच्याच अटींनुसार मनाई आहे. त्याऐवजी लॉगिन केलेल्या ग्राहकाचा आपल्या डेटाबेसमधला अंतर्गत क्रमांक आम्ही पाठवतो; त्यावरून आपल्याला ग्राहक शोधता येतो, गूगलला नाही. साइट उघडताच मोजणीला परवानगी विचारणारी संमतीची पट्टीही ग्राहकाच्या खासगीपणासाठीच आहे. परदेशात राहणारी मुले पुण्या-मुंबईतल्या आईवडिलांसाठी आपल्याकडून पेट्या मागवतात, आणि युरोपीय संघातून येणाऱ्यांची संमती घेतल्याशिवाय त्यांच्या ब्राउझरमध्ये मोजणीची कुकी (ब्राउझरमध्ये साठवली जाणारी छोटी नोंद) ठेवता येत नाही. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट आणि स्वेच्छेची असावी असे म्हटले आहे. ‘नको’ म्हणणाऱ्यांमुळे आकडा थोडा घटतो, हे खरे. पण ते बटण बारीक अक्षरांत दडवण्याची आपली सूचना आम्हाला मान्य करता आली नाही.

आकड्यांमधली तफावत बरीच कमी करण्याचा एक मार्ग आहे. गेटवेचा निरोप येताच आपल्या सर्व्हरनेच खरेदी ॲनालिटिक्सला कळवायची, आणि तीच ऑर्डर दोनदा मोजली जाऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीसोबत ऑर्डर क्रमांक जोडायचा. हे काम मूळ करारात नव्हते. त्याचा खर्च आणि मुदत यांचे पत्रक आपणास ईमेलने पाठवले आहे. सविस्तर नोंदी दोन महिन्यांऐवजी १४ महिने राहतील अशी सेटिंग आम्ही सुरुवातीलाच केली आहे, त्यामुळे एका हंगामाची पुढच्या हंगामाशी बारकाईने तुलना करता येईल. मात्र सर्व्हरचे काम करायचे ठरल्यास हापूसची आवक सुरू होण्यापूर्वी कळवावे, कारण तीन दिवसांहून जुन्या खरेदीची नोंद या मार्गाने मागाहून घालता येत नाही.