इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही म्हणून डिस्क पुसू नका

‘लिनक्स टाकताना हार्ड डिस्क दिसत नाही? हे सहा उपाय करा, १००% गॅरंटी’ असा एक मेसेज सध्या कॉलेजांच्या ग्रुपांतून फिरतोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुना लॅपटॉप टाकून देण्याऐवजी त्यावर लिनक्स चढवावं असं बऱ्याच जणांच्या मनात आहे, त्यामुळे असल्या मेसेजला गिऱ्हाईक भरपूर. तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “मावशी, पाचवा उपाय करून बघू का?” असं तिने आधी विचारलं म्हणून वाचली. तिच्या वर्गातल्या एका मुलाने कुणालाच विचारलं नाही, आणि त्याचं वर्षभराचं प्रोजेक्टचं काम, घरचे फोटो, सगळं गेलं. तेव्हापासून हा मेसेज दिसला की माझं डोकं फिरतं.

मेसेजमधले सहा मुद्दे थोडक्यात असे. एक, लिनक्सला नव्या एनव्हीएमई एसएसडी (नव्या, वेगवान जोडणीच्या) ओळखता येत नाहीत, साधी साटा एसएसडी (जुन्या, हळू जोडणीची) बसवा. दोन, विंडोज ११ डिस्क ‘लॉक’ करतं, सिक्युअर बूट बंद करा. तीन, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं सेटिंग) लेगसी मोडवर, म्हणजे बूट करायच्या जुन्या पद्धतीवर, न्या. चार, फास्ट स्टार्टअप बंद करा. पाच, विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं डिस्क विभागायचं, पुसायचं साधन) ‘सिलेक्ट डिस्क ०’, मग ‘क्लीन’, मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’. सहा, बायोसमधल्या रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवायच्या) मोडला हात लावू नका, एएचसीआय (साधा, रेडविना मोड) केलं तर एसएसडीचा वेग निम्मा होतो.

आधी खरं कारण सांगते. इंटेलच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर नीट चालू होतो, वायफाय लागतं, पण डिस्कांच्या यादीत फक्त पेनड्राइव्ह दिसते, तेव्हा पहिला संशय घ्यायचा तो स्टोरेज कंट्रोलरच्या मोडवर. बरेच लॅपटॉप कारखान्यातूनच इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीवर, म्हणजे आरएसटीवर, लावून येतात. बायोसमध्ये त्याला कुठे ‘रेड ऑन’ म्हणतात, कुठे ‘आरएसटी विथ ऑप्टेन’. या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क स्वतंत्र उपकरण म्हणून पीसीआय बसवर, म्हणजे मशीनच्या आतल्या मुख्य जोडणीवर, येतच नाही, ती साटा कंट्रोलरच्या आड जाते. अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढच्या लॅपटॉपांत हेच काम व्हीएमडी नावाचा कंट्रोलर करतो. दोन्हीकडे डिस्क ठणठणीत असते. तिच्यापर्यंत जायचा रस्ता तेवढा वेगळा असतो, आणि तो समोरच्या इन्स्टॉलरला ठाऊक नसतो.

हे माझ्या पदरचं नाही, खुद्द लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, सांगतं. आरएसटीवाल्या मशीनवर लाइव्ह पेनड्राइव्हवरून उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) ‘ट्राय’ मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालू करा, टर्मिनल उघडा आणि सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, कर्नलचा लॉग, म्हणजे डीमेसेग (dmesg), बघा. साटा कंट्रोलरच्या ओळींत लिहिलेलं सापडतं की इतकी ‘रीमॅप्ड’ एनव्हीएमई उपकरणं मिळाली, आणि लगेच खालच्या ओळीत, ती वापरायची असतील तर बायोस रेडमधून एएचसीआय मोडवर न्या. कर्नल लिहिणाऱ्यांनी निदान आणि उपाय दोन्ही दोन ओळींत देऊन ठेवलंय. उबुंटूचा इन्स्टॉलर तर २०.०४ पासून असं मशीन दिसलं की थांबतो, या कॉम्प्युटरवर आरएसटी आहे, आधी ते बंद करा असं सांगतो आणि मोबाइलवर सूचना वाचता याव्यात म्हणून क्यूआर कोडही देतो. मेसेज लिहिणाऱ्याने ती स्क्रीन एकदा जरी वाचली असती तरी सहावा मुद्दा लिहायची त्याला हिंमत झाली नसती.

आता एकेक मुद्दा. पहिला धडधडीत खोटा आहे. एनव्हीएमईचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये ३.३ या आवृत्तीपासून आहे, म्हणजे २०१२ पासून. शिवाय दोष लिनक्सचाच म्हणावा तर व्हीएमडी चालू असलेल्या कित्येक लॅपटॉपांवर विंडोजच्या इन्स्टॉलरलाही डिस्क दिसत नाही. एकही ड्राइव्ह सापडला नाही, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, असं तो सांगतो, आणि इंटेलचा ड्रायव्हर वेगळा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवल्यावरच गाडी पुढे सरकते. मायक्रोसॉफ्टच्या इन्स्टॉलरचीच ही गत असेल तर ‘एसएसडी बदला’ हा सल्ला कशासाठी? भाचीला एका दुकानात हेच सांगितलं होतं, नवी एसएसडी घ्या म्हणून. चालू डिस्क काढून नवी बसवली असती तर तीही त्याच कंट्रोलरमागे जाऊन तितकीच अदृश्य झाली असती.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. सिक्युअर बूट बूट होणाऱ्या सॉफ्टवेअरची सही तपासतं. लिनक्सची पेनड्राइव्ह चालू झाली, इन्स्टॉलर समोर आला, याचा अर्थ ती तपासणी केव्हाच पार पडली. डिस्क दिसण्या-न दिसण्याशी तिचा संबंध नाही. उलट बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असताना सिक्युअर बूट बंद केलंत तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागत बसेल.

तिसऱ्याचंही तेच. लेगसी मोडने कंट्रोलर बदलत नाही. फक्त विंडोज यूईएफआय या नव्या बूट पद्धतीत आणि लिनक्स लेगसीमध्ये असा घोळ होतो, आणि मग दोन्हींतलं एक निवडायचा मेनूच येत नाही. नव्या लॅपटॉपांत बऱ्याचदा हा पर्याय नसतोच, तेवढंच बरं.

चौथ्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करते. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज अर्धवट हायबरनेट झालेलं असतं, आणि लिनक्स ते पार्टिशन लिहिण्यासाठी उघडायला नकार देतं. म्हणून दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर ते बंद करावंच. पण तिथे डिस्क दिसत असते, अडतं ते पार्टिशनपाशी. अख्खी डिस्कच गायब असेल तर फास्ट स्टार्टअपच्या मागे लागून काहीही होणार नाही.

आता पाचवा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

चालू विंडोजमधून ‘क्लीन’ दिलं तर डिस्कपार्ट नकार देतो, कारण त्या डिस्कवर चालू सिस्टिम असते. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत आहे. म्हणूनच तो विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करायला आणि शिफ्ट एफ१० दाबून काळी खिडकी उघडायला सांगतो. म्हणजे जी एक अडचण मुलांना वाचवू शकली असती तिलाच बगल द्यायला तो शिकवतो. पुढे काय होतं ते बघा. दोनच शक्यता आहेत.

पहिली: लॅपटॉप जुना आहे, विंडोजच्या पेनड्राइव्हमधल्या ड्रायव्हरला आरएसटीमागची डिस्क दिसते. डिस्क ० म्हणजे तुमची आतली डिस्क. क्लीन म्हटल्याबरोबर पार्टिशन टेबल गेलं. विंडोज गेलं, रिकव्हरी पार्टिशन गेलं, डी ड्राइव्हवरचं सगळं गेलं. डिस्कपार्ट ‘नक्की का?’ असंही विचारत नाही, एंटर दाबलं की काम झालेलं असतं.

दुसरी: लॅपटॉप अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा आहे, व्हीएमडी चालू आहे. मग आत्ताच सांगितलं तसं विंडोजच्या पेनड्राइव्हलाही आतली डिस्क दिसत नाही. ‘लिस्ट डिस्क’ म्हटलं की यादीत येते ती पेनड्राइव्ह आणि सोबत जोडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क असेल तर ती. डिस्क ० ही त्यांतलीच एखादी. त्या मुलाच्या बाबतीत हेच घडलं. त्याने शहाणपणा करून सगळं आधी एक्स्टर्नल डिस्कवर घेतलं होतं, जागा हवी म्हणून लॅपटॉपमधून काढून टाकलं होतं, आणि ती डिस्क जोडलेलीच राहिली होती. आकाराच्या रकान्याकडे लक्ष दिलं असतं तर कळलं असतं, कारण लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आणि समोर दिसत होती १ टीबी. पण मेसेजमध्ये आकार बघा असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘सिलेक्ट डिस्क ०’ असं छापील सांगितलंय. दुसऱ्या वर्षाचं पोर ते जसंच्या तसं टाइप करणार नाही तर काय करणार?

आणि दोन्ही शक्यतांमध्ये शेवटी लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसते का? नाही. कंट्रोलरचा मोड बायोसच्या सेटिंगमध्ये असतो, डिस्कवर नसतो. डिस्कवरचा प्रत्येक बाइट पुसलात तरी ती त्याच कंट्रोलरच्या आडच राहते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तेही विषारी.

इथे एक सवलत द्यावी लागेल. एखादी डिस्क पूर्वी खरोखरच्या रेड संचात वापरलेली असेल तर तिच्यावर त्या संचाच्या जुन्या खुणा राहतात आणि काही इन्स्टॉलर त्यामुळे गोंधळतात. त्या खुणा पुसल्यावर डिस्क यादीत आलेली मीही पाहिली आहे. पण हा जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या डिस्कांचा मामला. तिथे टर्मिनलला डिस्क दिसतच असते, फक्त इन्स्टॉलर ती घेत नाही. वापरात असलेल्या घरच्या लॅपटॉपला तो नियम लावणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

सहावा मुद्दा उरलाच, आणि तो नेमका खऱ्या उपायाचीच वाट अडवतो. ‘एएचसीआय’ हे नाव साटा डिस्कांचं. तो मोड निवडला म्हणजे एनव्हीएमई डिस्क साटाच्या वेगाने चालू लागते, असं अजिबात नाही. मधला आडोसा जातो आणि ती स्वतःच्या एनव्हीएमई ड्रायव्हरवर थेट चालते. लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असेल तर रेडचा फायदा तरी कसला? वेग पडतो तो एकाच ठिकाणी: १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि तिच्या जोडीला १६ किंवा ३२ जीबीची ऑप्टेन मेमरी (डिस्कला वेग देणारी इंटेलची कॅश) असलेले लॅपटॉप. तिथे ऑप्टेन बंद केलं की जुनी डिस्क पुन्हा तिच्या मूळ चालीने चालते. हेही लक्षात ठेवा की अशा मशीनवर आधी विंडोजमधून ऑप्टेन रीतसर बंद करायचं आणि मगच बायोसला हात लावायचा, नाहीतर डेटा अडकतो.

मग करायचं काय? सगळ्यात आधी बायोसच्या माहितीच्या पानावर डिस्कचं नाव दिसतं का बघा. तिथेही नसेल तर डिस्क सैल झालीय किंवा खरंच गेलीय, तेव्हा दुकान गाठा. बायोसमध्ये दिसते पण इन्स्टॉलरमध्ये नाही, असं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवर एलएसबीएलके (lsblk) ही डिस्कांची यादी देणारी आज्ञा द्या. एनव्हीएमई डिस्कचं नाव एनव्हीएमई० ने सुरू होतं. एसडीए ही बहुतेकदा तुमची पेनड्राइव्हच असते, तिला हार्ड डिस्क समजू नका. मग एलएसपीसीआय (lspci) या आज्ञेने येणाऱ्या कंट्रोलरांच्या यादीत ‘रेड बस कंट्रोलर’ किंवा ‘व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस’ दिसतंय का बघा. दिसलं की चोर सापडला.

विंडोज ठेवायचं असेल तर थेट मोड बदलू नका, ते निळी स्क्रीन दाखवून बूट व्हायचं थांबेल. आधी बॅकअप घ्या आणि बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. मग एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर मिनिमलची खूण करा, रीस्टार्ट करा आणि विंडोज सुरू व्हायच्या आत बायोसमध्ये जाऊन मोड एएचसीआय करा किंवा व्हीएमडी बंद करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की नवा ड्रायव्हर आपसूक लागतो. मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करायचं. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा.

बायोसमधला पर्याय प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी ठेवते. डेलमध्ये स्टोरेजखाली ‘साटा ऑपरेशन’, असूसमध्ये ॲडव्हान्सखाली व्हीएमडीचा वेगळा मेनू, आणि एसरच्या अनेक मॉडेलांत तो चक्क लपलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर उगवतो. काही लॅपटॉपांत तो मिळतच नाही. मशीन व्हीएमडीवालं असेल तर निराश होऊ नका, लिनक्सच्या ताज्या आवृत्तीची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची फाइल, उतरवून बघा. नव्या कर्नलमधला व्हीएमडीचा ड्रायव्हर बऱ्याच मशीनवर काही न बदलता डिस्क ओळखतो.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच क्लीन मारलंय त्यांनी त्या डिस्कवर आता काहीही लिहू नये, ना विंडोज, ना लिनक्स, ना फॉरमॅट. साध्या क्लीनने पार्टिशनचा नकाशा जातो, फायली बहुतांशी जागेवर असतात, आणि टेस्टडिस्क हे फुकट मिळणारं साधन हरवलेली पार्टिशनं शोधून देऊ शकतं. ‘क्लीन ऑल’ दिलं असेल तर मात्र प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहिली गेलीत, तिथे हाती काही लागणार नाही. त्या मुलाने साधं क्लीन दिलं होतं, पण मेसेज पुढे वाचून त्याच डिस्कवर नवं पार्टिशन करून विंडोजची आयएसओ उतरवली. त्याची डिस्क सध्या माझ्याकडे आहे. फोटो थोडे निघालेत, प्रोजेक्टचा फोल्डर अजून नाही.