मामांच्या विहिरीत हायड्रॅम चालणार नाही

"वीज नको, डिझेल नको, विहिरीतलं पाणी 200 फूट वर! 1796 सालचा शोध, कोळसा आणि इंजिनवाल्यांनी दडपून ठेवलेला." हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला, तिन्ही वेळा मी वाचून सोडून दिला. परवा मामांचा फोन आला, त्यांनी पाच हजार रुपये इसार दिलाय. आता गप्प बसवत नाही.

सुरुवात विहिरीपासूनच करते, कारण पैसे तिथे बुडणार आहेत.

मेसेजमधलं यंत्र म्हणजे हायड्रॉलिक रॅम, थोडक्यात हायड्रॅम. ते खरं आहे आणि विजेशिवाय चालतं, हे मलाही मान्य करावं लागतं. पण ते पाणी ओढत नाही. उतारावरून लोखंडी पाइपातून पाणी वेगाने खाली येतं आणि एका उघड्या झडपेतून बाहेर पडत राहतं. वेग पुरेसा वाढला की त्याच रेट्याने ती झडप खाडकन मिटते. वाहतं पाणी एकदम अडतं आणि पाइपात प्रचंड दाब उसळतो. सेकंदाला 1 मीटर वेगाचं पाणी लोखंडी पाइपात क्षणात थांबलं, तर साधारण 12 बार, म्हणजे 120 मीटर उंच पाण्याच्या खांबाइतका दाब. घरात नळ झटकन बंद केल्यावर भिंतीतला पाइप 'ठक्' वाजतो, तो याचाच छोटा प्रकार. त्या दाबाने दुसरी झडप उघडते, थोडं पाणी हवेच्या डब्यात शिरतं आणि तिथून वर चढतं. दाब ओसरला की पहिली झडप पडून उघडते आणि सगळं पुन्हा सुरू होतं.

म्हणजे पाणी आधी पडलं पाहिजे. आणि पहिल्या झडपेतून सुटलेल्या पाण्याला यंत्राच्याही खाली निघून जायला वाट पाहिजे. मिनिटाला 100 लिटर पाणी 2 मीटर खाली येत असेल आणि तुम्हाला ते 20 मीटर वर न्यायचं असेल, तर एक थेंबभर ताकद वाया गेली नाही असं धरलं तरी 10 लिटरच चढतील. प्रत्यक्षात पाच-सहा. उरलेले 94-95 लिटर खाली वाहून जाणार.

मी मामांना विचारलं, "मामा, विहिरीत पाणी पंचवीस फुटांवर उभं आहे. ते पडणार कुठून? आणि वाया जाणारं सोडणार कुठे?" बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाले, "अगं, पण व्हिडिओत तर बादलीत चालतंय."

तो व्हिडिओ मी नीट पाहिला. बादलीत पाइप, वर प्लास्टिकची बाटली, पाणी चार फूट चढतं आणि पुन्हा त्याच बादलीत पडतं. पाइपात घासत जाताना पाण्याची ताकद खर्ची पडते, ती भरून काढणारं काहीतरी असल्याशिवाय हे फिरणं चालूच राहू शकत नाही. कुठेतरी मोटर दडवलेली आहे.

आता 'दडपलेला शोध'. जॉन व्हाइटहर्स्ट या इंग्रजाने 1772 मध्ये चेशरमधल्या ओल्टन इथे असं यंत्र बसवलं. त्यात झडप आपोआप मिटत नव्हती. झऱ्यापासून सुमारे 200 यार्ड लांब पाइप होता, झऱ्याच्या पातळीखाली साधारण 16 फुटांवर नळ होता, आणि तो उघड-बंद झाला की पाणी उंचावरच्या टाकीत चढायचं. त्याचं वर्णन 1775 साली रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापून आलं. दडपायचं असतं तर छापलं कशाला असतं? 1796 मध्ये फ्रान्समध्ये, गरम हवेचं बलून उडवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंपैकी जोसेफने, कागदगिरणीसाठी पाणी चढवायला ते स्वयंचलित केलं. आणि पुढच्याच वर्षी त्याच्या वतीने इंग्लंडमध्ये पेटंट कोणी घेतलं? मॅथ्यू बोल्टनने, जेम्स वॉटच्या भागीदाराने. वाफेची इंजिनं विकणाऱ्या माणसानेच! त्यानंतर ही यंत्रं उघडपणे विकली गेली आहेत.

असेच आणखी दोन दावे ऐकू येतात. "पाइप बारीक करत न्या, दाब वाढत जाईल": उलटं आहे. वाहतं पाणी अरुंद जागेत वेगाने जातं आणि तिथला दाब उतरतो. नळीच्या तोंडाला अंगठा लावला की धार लांब जाते, पण टाकीपेक्षा उंच कधीच जात नाही.

"एकदा ओढलं की हवेच्या दाबाने कितीही खोलीवरून चढतं": हवेचा दाब पाण्याला फार तर 10.3 मीटर उचलतो, आणि शेतावरच्या पंपाला सात मीटरच्या पुढे घाम फुटतो. म्हणून तर बोअरमध्ये मोटर खाली सोडतात.

ज्यांच्या रानाजवळून बारमाही ओढा उतरतो, त्यांनी मात्र हे यंत्र जरूर बघावं. कोकणात, घाटाच्या कडेला अशा जागा आहेत. आधी बादली आणि घड्याळ घेऊन मिनिटाला किती पाणी येतं ते मोजा. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने उतार मोजा. दोन्हींचा गुणाकार करा, किती उंच न्यायचं त्याने भागा, आणि येईल त्याच्या निम्मं धरा. तेवढं पुरत असेल तर पाइप लोखंडी घ्या. प्लास्टिकचा फुगतो आणि धक्का गिळतो.

मामांनी काल इसार परत मागितला. विकणारा म्हणतो, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. तो आला की विहिरीच्या काठावर उभं करून एवढंच विचारायचं ठरलंय: वाया जाणारं पाणी कुठे सोडणार?