किनमेन वाचले ते अणुबॉम्बच्या धाकाने नव्हे

तैवानची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: १९५४-५५ आणि पुन्हा १९५८ साली माओचा चीन तैवान गिळायला निघाला होता, अमेरिकेने अणुबॉम्ब उगारला, चीन घाबरून मागे हटला आणि छोटा लोकशाही तैवान बचावला. चीनला एवढीच भाषा समजते, नेहरू मात्र तेव्हा पंचशील जपत बसले होते, असा शेवट. मजकूर जोरकस आहे, म्हणून माणसे तो पुढे पाठवतात. पण त्यातले एकेक विधान तारखा आणि नकाशा समोर ठेवून तपासले, तर हाती फारसे काही उरत नाही.

पहिले विधान, चीन तैवान गिळायला निघाला. नकाशा पाहा. तोफा डागल्या गेल्या किनमेनवर, म्हणजे त्या काळी वर्तमानपत्रांतून क्वेमॉय या नावाने गाजलेल्या बेटावर. ते शियामेन बंदरापासून दहाएक किलोमीटरवर आहे आणि तैवानपासून जवळपास २०० किलोमीटर. मात्सू बेटे फुचौच्या समोर आणि ताचेन बेटे त्याहून उत्तरेला, चच्यांग प्रांताच्या किनाऱ्यालगत. १८९५ साली जपानने तैवान घेतला तेव्हा ही बेटे चीनकडेच राहिली होती. १९४९ च्या यादवीत माओकडून हरलेल्या राष्ट्रवादी सरकारचा प्रमुख च्यांग काय-शेक याचे सैन्य मुख्य भूमीवरून हटले, पण या बेटांवर टिकून राहिले, एवढाच त्यांचा तैवानशी संबंध. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस माओच्या सैन्याने किनमेनवर सुमारे ९ हजार माणसे उतरवली. ज्या लाकडी नावांतून ती आली त्या ओहोटीत वाळूवर रुतल्या, कुमक पोचलीच नाही, आणि तीन दिवसांत सगळे मारले गेले किंवा कैद झाले. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटताच अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपले सातवे आरमार चीन आणि तैवानमधल्या सामुद्रधुनीत आणले. त्यानंतर तैवानवर चाल करून जाण्याइतके आरमार बीजिंगकडे नव्हते, आणि हे तिथल्या सेनानींना कोणी सांगायला नको होते.

दुसरे, १९५५ मध्ये चीन मागे हटला. मागे हटले च्यांगचे सैन्य. ३ सप्टेंबर १९५४ ला किनमेनवर तोफा सुरू झाल्या, २ डिसेंबरला अमेरिकेने च्यांगशी संरक्षण करार केला. त्या करारात नावे होती फक्त तैवान आणि त्याच्या जवळच्या पेंगहू बेटांची, बाकी प्रदेश नंतर संमतीने ठरवायचा होता. १८ जानेवारी १९५५ ला माओच्या सैन्याने ताचेनजवळचे यिच्यांगशान बेट जिंकले, आणि फेब्रुवारीत ताचेन बेटांवरचे सैनिक आणि सगळे रहिवासी अमेरिकी आरमाराच्या मदतीने तैवानला हलवावे लागले. बेटे बीजिंगकडे गेली. ‘बंदुकीची गोळी वापरावी तसा अणुबॉम्ब का वापरू नये’ अशा अर्थाचे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांचे गाजलेले उद्गार १६ मार्चचे, म्हणजे त्यानंतरचे. २३ एप्रिलला इंडोनेशियातल्या बांडुंगमध्ये भरलेल्या आशिया-आफ्रिका परिषदेत चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी अमेरिकेशी बोलायची तयारी जाहीर केली आणि १ मेपासून तोफा थांबल्या. या धमकीचे वजन शून्य होते असे मी म्हणणार नाही. पण चच्यांगचा किनारा तोवर मोकळा झाला होता, आणि आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांसमोर शांततावादी दिसण्यात चीनचा मोठा फायदा होता. केवळ धमकीने काम झाले ही कथा पसरवणाऱ्यांत पहिले नाव खुद्द अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांचे. जानेवारी १९५६ मध्ये ‘लाइफ’ मासिकातल्या मुलाखतीत त्यांनी युद्धाच्या कड्यापर्यंत जाण्याच्या आपल्या कौशल्याची बढाई मारली. ज्याला श्रेय हवे आहे त्याचीच साक्ष आपण सत्तर वर्षे पुरावा म्हणून वापरतो आहोत.

१९५८ ची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच आहे.

२३ ऑगस्ट १९५८, संध्याकाळी साडेपाच. जेमतेम १५० चौरस किलोमीटरच्या किनमेनवर तोफांचा असा मारा सुरू झाला की पहिल्याच दिवशी तिथले तीन उपसेनापती मारले गेले. पुढच्या ४४ दिवसांत सुमारे पावणेपाच लाख गोळे पडले. पण बेटावर सैन्य उतरवण्याची तयारी दिसत नव्हती. रसद तोडायची आणि अमेरिका च्यांगसाठी कुठवर येते ते पाहायचे, असा तो डाव होता. अमेरिकेच्या सेनाधिकाऱ्यांनी शियामेनजवळच्या विमानतळांवर अणुहल्ल्याचे आराखडे मांडले होते हे खरे, पण आयसेनहॉवरने आधी साध्या शस्त्रांनीच लढायचे असे बजावले. कोंडी फुटली ती अशी: अमेरिकी युद्धनौका रसदीच्या गलबतांना बेटापासून तीन मैलांपर्यंत सोबत करत, शेवटचा टप्पा च्यांगचे खलाशी गोळ्यांखाली पार करत. २४ सप्टेंबरला च्यांगच्या वैमानिकांनी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे वापरली, हवेतून हवेत मारा करणाऱ्या मार्गदर्शित क्षेपणास्त्राचा युद्धातला तो पहिला वापर.

मग तोफा का थांबल्या? ६ ऑक्टोबरला संरक्षणमंत्री पेंग तेहुआई यांच्या नावाने तैवानच्या बांधवांना उद्देशून एक निवेदन निघाले. मसुदा माओचा होता. आपण सारे चिनी आहोत, किनमेनवरच्या १ लाख ३० हजार सैनिक-नागरिकांना अन्नवस्त्राची टंचाई आहे, म्हणून सात दिवस मारा बंद; खुशाल रसद न्या, अट एकच, अमेरिकी जहाजांचा पहारा नको. २५ ऑक्टोबरला नवा नियम आला: सम तारखांना विमानतळ, धक्का आणि जहाजे यांच्यावर मारा नाही. भीतीने पळणारा शत्रू असे वेळापत्रक लावून देत नाही.

याचे उत्तर वॉशिंग्टनमध्ये आहे. किनाऱ्यालगतच्या बेटांवर एवढे मोठे सैन्य ठेवणे शहाणपणाचे नाही, असे डलेस सप्टेंबरच्या अखेरीस उघड बोलले होते. किनमेन-मात्सू सोडले असते तर च्यांगकडे फक्त तैवान-पेंगहू उरले असते, मध्ये रुंद समुद्र आणि दोन तीरांवर दोन देश. हे माओला नको होते. च्यांगलाही नको होते! दोघांचाही दावा अख्ख्या चीनवर होता. संयुक्त राष्ट्रांत चीनची खुर्ची १९७१ पर्यंत च्यांगच्याच सरकारकडे होती. किनमेन च्यांगच्या हाती असेपर्यंत तो मुख्य भूमीला बांधलेला राहील, असा माओचा हिशेब होता. तोफांनी एकमेकांवर आग ओकणारी दोन सरकारे या एका मुद्द्यावर एकाच बाजूला उभी होती. एक दिवसाआड चालणारी ही तोफबाजी पुढे बहुतांशी प्रचारपत्रके भरलेल्या गोळ्यांची झाली आणि १ जानेवारी १९७९ ला अमेरिकेने बीजिंगला मान्यता दिली त्या दिवशी संपली. किनमेनचे लोक एवढी वर्षे तळघरांत आणि बोगद्यांत ये-जा करत जगले. तिथले लष्करी प्रशासन उठायला १९९२ उजाडले. त्यांचे वाचणे ज्यांना इतके सोपे वाटते, त्यांच्या मजकुरात ही माणसे कुठेच नाहीत.

‘छोटा लोकशाही तैवान’ हेही त्या काळाला लावता येत नाही. तिथे १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. या बेटांवरून च्यांगचे सैन्य किनाऱ्यावर छापे घालत होते, मुख्य भूमीच्या बंदरांकडे जाणारी जहाजे अडवत होते. एप्रिल १९५५ मध्ये किनमेन-मात्सू सोडा, बदल्यात चिनी किनाऱ्याची नाकेबंदी करतो, असा प्रस्ताव घेऊन अमेरिकेचे दूत तैपेईला गेले. च्यांगने तो धुडकावला.

राहिला नेहरूंचा मुद्दा. मे १९५५ मध्ये नेहरूंचे दूत कृष्ण मेनन बीजिंगला जाऊन चौ यांच्याशी बोलत होते. महिनाअखेरीस चीनने कैदेतले चार अमेरिकी वैमानिक सोडले, आणि १ ऑगस्टपासून जिनिव्हात चीन-अमेरिका राजदूतांच्या वाटाघाटी सुरू झाल्या. याचे सगळे श्रेय भारताचे नाही, पण ‘जपत बसले होते’ हे धादांत खोटे आहे.

आणि अणुबॉम्बच्या भाषेचा चीनवर खरेच एक परिणाम झाला. कोरियापासून ऐकू येणाऱ्या या धमक्यांमध्येच, यिच्यांगशानवरच्या हल्ल्याच्या तीन दिवस आधी, १५ जानेवारी १९५५ ला माओने बोलावलेल्या बैठकीत चीनने स्वतःचा अणुबॉम्ब बनवायचे ठरवले. १६ ऑक्टोबर १९६४ ला शिनच्यांगच्या वाळवंटातल्या लोप नूर इथे त्याचा पहिला स्फोट झाला. तेव्हा आपल्याला १९६२ चा पराभव पचवून दोन वर्षेही झाली नव्हती.