मधली ढांग राहिलीच की

तिहेरी उडीवरचा तुमचा लेख वाचला. व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासनं २०२३ ला बुडापेस्टात जागतिक स्पर्धेत शेवटच्या प्रयत्नात १५.०८ मीटर उडी मारून युक्रेनच्या बेख-रोमानचुकचं १५.०० मागं टाकलं, ते तुम्ही छान लिहिलंय, पण "शेवटच्या झेपेतल्या ताकदीवर सोनं मिळालं" हे काय पटलं नाही बघा. लंगडी, ढांग, झेप अशी ही तिहेरी उडी, ती मोडते मधल्या ढांगेत. ज्या पायानं फळीवरून उडाला त्याच पायावर पहिल्यांदा उतरायचं, ही लंगडी, सगळं वजन त्या एका पायावर येतंय, आणि तिथनं दुसऱ्या पायावर ढांग टाकायची, तिथं गुडघा जरा वाकला की वेग गेलाच, मग शेवटाला कितीबी ताकद लावा.

मी खानापूर तालुक्यात शाळेत असताना उडी मारायची, फळी कुठली, चुन्याची रेघ आणि भाताच्या खळ्यासारखा कडक ट्रॅक. आमचे पीटी सर डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे, टप, टप, टप सारख्या अंतरानं आलं पाहिजे. माझा ढांगेचा टप कायम लवकर यायचा, लंगडी लांब आणि ढांग आखूड. आता रोहासच्या १५.७४ मीटरच्या विश्वविक्रमी उडीचा व्हिडिओ लावते तेव्हा पण मी आधी तेच बघते, ढांगेत ती हवेत किती वेळ राहते ते. त्यावर दोन ओळी तरी लिहायला पाहिजे होत्या.